लेकराची पहिली पाटी

(नांदेड येथील माता-पालक मेळाव्यात एका निवृत्त बालवाडी शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



‘एक ते तीन वर्षांच्या बालकांचे घरातील शिक्षण’ असा विषय मला देण्यात आला आहे. आयुष्याची पंचवीस वर्षे मी बालवाडीत घालवली, म्हणून संयोजकांना मी या विषयाची जाणकार वाटले असावे. परंतु आपल्यासमोर उभी राहताना मला माझ्या दोन चुका आधी सांगितल्याच पाहिजेत. माझे पुढचे सारे बोलणे त्या चुकांतूनच आलेले आहे.

पहिली चूक माझ्या मुलाच्या बाबतीतली. इतरांची लेकरे मी बालवाडीत वाळूत, पाण्यात, मातीत खेळवीत असे. परंतु स्वतःचा मुलगा अडीच वर्षांचा होताच त्याच्या हाती मी पेन्सिल दिली. बाईंचा मुलगा मागे पडला असे कोणी म्हणू नये, एवढाच त्यामागचा विचार होता. त्याची मूठ धरून मी अक्षरे गिरवून घेत असे. तो रडे, पाटी ढकलून देई. पुढे तो शिकला, नोकरीला लागला. पण पुस्तकाशी त्याचे सख्य काही जुळले नाही.

दुसरी चूक नातवाच्या बाबतीतली. मुलगा आणि सूनबाई दोघेही लातूरला नोकरी करतात. नातू सव्वादोन वर्षांचा झाला तरी मोजून चार शब्द बोलत असे. हाक मारली तरी मान वर होत नसे, कारण मान सदैव मोबाईलच्या पडद्यात. जेवण पडद्यापुढे, झोपही पडद्यापुढे. सूनबाई एकदा डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाली, “आई, सकाळी साताला मी घराबाहेर पडते. तो जेवावा म्हणून मोबाईल देते. मी दुसरे काय करू?” तिला दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. मी तेथे राहायला गेल्यावर मीही तेच करीत होते. हातातले काम उरकेपर्यंत मीही त्याला पडद्याच्याच हवाली करीत होते.

डॉक्टरांकडे नेले. त्यांनी प्रथम श्रवणतपासणी करून घेतली. कान उत्तम होते. अन्य काही दोष नाही ना, हेही पाहिले. मग ते म्हणाले, “याच्याशी घरात कोण बोलते?” त्या प्रश्नाला आम्हा तिघांकडेही उत्तर नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे कसे शोधले, ते आज आपल्याला सांगायचे आहे.

ज्ञानाची पाच दारे

लहान मूल जग कसे जाणून घेते? आपण प्रौढ माणसे शब्दांतून शिकतो. मूल मात्र हाताने, जिभेने, नाकाने, कानाने आणि डोळ्यांनी शिकते. ‘गार’ हा शब्द त्याला शंभर वेळा ऐकवला तरी तो पोकळ राहतो. माठाच्या अंगाला एकदा तळहात लावून त्याच क्षणी आईने ‘गार’ म्हटले, की तो शब्द कायमचा त्याचा होतो. आपल्या पूर्वजांनी डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांना ज्ञानेंद्रिये म्हटले, ते किती यथार्थ आहे! पडद्यावर मात्र आंबा दिसतो, पण त्याला वास नाही, वजन नाही, चीक नाही. पाचांपैकी तीन दारे तेथे बंदच असतात. शिवाय पडदा बोलतो, परंतु लेकराचे ऐकत नाही. आणि भाषा तर देवाणघेवाणीतून येते.

हा विचार आधुनिक शिक्षणशास्त्रातही मुळाशी आहे. मारिया मॉन्टेसरी या इटलीतील डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले आणि इंद्रियशिक्षणाला बालशिक्षणाचा पाया मानले. १९३९ साली त्या भारतात आल्या, युद्धकाळात येथेच राहिल्या आणि त्यांनी अनेक शिक्षकांना प्रशिक्षण दिले. त्यापूर्वीच, १९२० साली, गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे कोसबाडच्या वनवासी पाड्यांत दोघींनी हे कार्य नेले.

ताराबाई आणि अनुताईंचे मोठेपण कशात आहे, ते आपल्यासारख्यांनी नीट पाहावे. मॉन्टेसरीची साधने घोटीव लाकडाची आणि महागडी. ती खेड्यात कोठून येणार? या दोघींनी शंख-शिंपले, दगड-गोटे, पाने-फुले, काड्या आणि बिया हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज घरोघरी आहे; त्यामागची कल्पना या तपस्विनींच्या कार्यात रुजलेली आहे. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर, १९७५ साली सुरू झाली.

म्हणजे साधने विकत आणण्याची गरज नाही, हे सिद्ध झालेलेच आहे. आज शहरांतून ‘सेन्सरी किट’ नावाच्या पेट्या विकल्या जातात. त्यांत रंगवलेले तांदूळ, प्लास्टिकचे चमचे आणि दोन-चार वाट्या असतात. आपल्या स्वयंपाकघरात याहून अधिक काय नाही?

एका आठवड्याचा एक विषय

मात्र साधने घरात असली तरी ती मुलापुढे कशीही टाकून चालत नाही. त्यासाठी एक साधी शिस्त उपयोगी पडते. आठवड्याला एकच विषय घ्यावा आणि तो सर्व इंद्रियांनी अनुभवू द्यावा. आज हत्ती, उद्या विमान, परवा इंग्रजी रंग अशा उड्या मारल्या की मुलाच्या मनात काहीच ठरत नाही. तीच वस्तू आठ दिवस वेगवेगळ्या रूपांत भेटली, तेच शब्द पुन्हा पुन्हा कानी पडले, की ते शब्द ओठांवर येतात.

आम्ही पहिला विषय घेतला तो ज्वारीचा. सोमवारी परातीत दोन ओंजळी ज्वारी घातली आणि नातवाला त्यात हात फिरवू दिले. मंगळवारी एक वाटी स्टीलची, एक लाकडाची आणि एक कापडी पिशवी घेऊन त्यांत वरून दाणे सोडले. तीन ठिकाणचे तीन आवाज. बुधवारी ज्वारीच्या जागी पीठ आले. दाणा टणक, पीठ मऊ. पिठात बोटाने रेघ ओढली की ती उमटते आणि हात फिरवला की पुसते, हा त्याचा शोध त्याचा त्यानेच लावला. गुरुवारी भाकरी थापताना एक छोटा गोळा त्याच्या हाती दिला. शुक्रवारी तव्यावर टम्म फुगलेली भाकरी दुरून दाखवली, तिचा खरपूस वास घेतला, निवल्यावर पापुद्रा दुधात कुस्करून भरवला. शनिवारी शेजाऱ्यांच्या शेतावरून कडब्याची पेंढी आली. तिची खसखस ऐकली. रविवारी वडिलांचे बोट धरून तो धान्याच्या दुकानात गेला आणि तेथे पोत्यात हात घालून उभा राहिला.

या सर्वाला रोज किती वेळ लागला? वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. आणि खर्च काही नाही.

बोलावे कसे, यालाही एक रीत आहे. मॉन्टेसरी पद्धतीत शब्द तीन पायऱ्यांनी शिकवतात. प्रथम वस्तू हाती देऊन नाव सांगावे: “हे मऊ. हे टणक.” दुसऱ्या पायरीवर विचारावे: “मऊ कोणते? दाखव बरे.” मुलाने नुसते बोट दाखवले तरी पुरे. तिसऱ्या पायरीवर, मूल तयार झाल्यावरच, विचारावे: “हे कसे आहे?” आपण बहुतेक जण तिसऱ्याच पायरीवरून आरंभ करतो. पाहुण्यांपुढे “सांग, हे काय आहे?” म्हणून मुलाची परीक्षा घेतो आणि ते गप्प राहिले की हिरमुसतो. दोन वर्षांच्या लेकरापाशी पहिल्या दोन पायऱ्यांवरच पुष्कळ दिवस थांबावे. आणि बोलावे ते आपल्या मराठीत, घरात जी बोलतो तीत.

मराठवाड्याचे वर्ष, लेकराचा अभ्यासक्रम

विषय कोठून आणावेत, असा प्रश्न पडेल. आपले पंचांग आणि आपले शिवार यांतूनच ते मिळतात. श्रावण अमावास्येला पोळा येतो. त्या आठवड्यात काळी माती भिजवून बैल करावेत. एक बैल गेरूने लाल रंगवावा. तो आपल्या कंधारचा लालकंधारी. दुसरा पांढरा करून त्यावर कोळशाने काळे ठिपके द्यावेत. तो लातूर जिल्ह्यातला देवणी. देशभर नावाजलेले हे दोन्ही गोवंश आपल्याच मातीतले. लाल, पांढरा आणि काळा हे रंग शिकवायला याहून चांगला तक्ता कोणता?

मार्गशीर्ष सरत आला की लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि बैल एका ठिकाणी पाहायला मिळतात. गर्दीत लेकराला कडेवर घेऊनच न्यावे आणि लांबून दाखवावे. घरी आल्यावर आठवडाभर त्या जनावरांच्या चाली चालाव्यात, आवाज काढावेत. लागलीच येते वेळा अमावास्या. शेतात कडब्याची कोप, हिरवे हरभरे, आंबिलीची आंबट चव, भज्जीचा वास, पायाखाली ढेकळे. त्या एका दिवसात पाचही इंद्रियांना मेजवानी असते. पुढे हुरडा, संक्रांतीचा तीळगूळ, उन्हाळ्यात कैरी आणि वाळा, पहिल्या पावसात मातीचा गंध. नांदेडकरांना तर आवाजाचा विषय वेगळा शोधायला नकोच. पहाटेची काकड आरती, गुरुद्वाऱ्यातील कीर्तन, आगगाडीची शिटी आणि स्वयंपाकघरातली रवी. डोळे मिटून “कशाचा आवाज?” एवढाच खेळ पुरतो.

पाण्याचा विषय मी मुद्दाम वेगळा सांगते. लहान मुलाला पाण्यासारखे खेळणे नाही. परंतु एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे टब भरून खेळ मांडणे मनाला पटत नाही. आम्ही एक तांब्या पाणी ठरवून घेतले. परातीत ते ओतले. पान तरंगते, खडा बुडतो. फडके भिजवून पिळले. चाळणीतून पाणी गळते, वाटीत राहते. शेवटी ते सारे पाणी नातवाच्या हातानेच तुळशीला घातले. खेळही झाला आणि पाण्याचे मोल, न सांगता, हाताला कळले. संस्कार म्हणतात तो याहून वेगळा असतो काय?

बोरन्हाण आणि आपण

आपल्या परंपरेतला बोरन्हाणाचा विधी आठवा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लेकराला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि चुरमुरे यांनी न्हाऊ घालतात. रंग, गंध, स्पर्श, चव आणि शेजारपाजारच्या मुलांचा कलकलाट एकत्र आणणारा हा सोहळा ज्यांनी रचला, त्यांना बालमनाची जाण होती यात शंका नाही. उष्टावणात पहिली चव आहे, अंगाईत ताल आहे, तेल-उटण्यात स्पर्श आहे.

परंतु आपण आज त्याचे काय केले आहे? मंडप, छायाचित्रकार, कानठळ्या बसवणारा ध्वनिक्षेपक, आणि मध्यभागी घाबरून रडणारे लेकरू. मोठ्यांचा समारंभ होतो आणि ज्याच्यासाठी तो असतो त्याला एक बोरही नीट हातात धरू दिले जात नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्या घरांनी तरी हे थांबवले पाहिजे. चार-पाच मुले बोलवा, सतरंजी अंथरा, आणि मुलांना त्या राशीत बसू द्या. परंपरा तशी अधिक जिवंत राहील.

सावधगिरी हवीच

हे सारे करताना काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, बोराची बी आणि मणी श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. दाण्यांचा खेळ मोठे माणूस शेजारी बसल्याशिवाय मांडू नये आणि खेळ संपताच दाणे उचलून ठेवावेत. अगदी लहानांना लिंबू, कांदा, मक्याचे कणीस अशा मोठ्या वस्तूच द्याव्यात. गुंज आणि एरंड यांच्या बिया विषारी आहेत; त्या खेळात आणूच नयेत. शेतकरी घरांत पेरणीसाठी आणलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे असते. लेकरांना त्याच्या रंगाची भुरळ पडते. ते कुलपात असावे. भरलेल्या बादलीशी किंवा हौदाशी मूल क्षणभरही एकटे नसावे. माती फवारणी न झालेल्या जागेची घ्यावी, नखे कापलेली असावीत आणि खेळानंतर हात साबणाने धुवावेत.

आणखी एक. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर “आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात” म्हणून बसू नये. डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. प्रत्येक अडचण खेळाने सुटते असे नाही आणि प्रत्येक अडचणीला आईच कारण असते, असे तर मुळीच नाही.

शर्यतीची घाई

आपल्या भागाला लातूर पॅटर्नचा रास्त अभिमान आहे. सामान्य घरांतील कितीतरी मुले त्या परिश्रमांनी डॉक्टर आणि अभियंते झाली. पण तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा मार्ग आहे. तो उतरत उतरत अडीच वर्षांच्या लेकरापर्यंत आणणे हा त्या पॅटर्नवरही अन्याय आहे. लिहिण्यासाठी बोटांचे स्नायू लागतात आणि ते पेन्सिलीने येत नाहीत. कणीक तिंबून, फडके पिळून, शेंगा सोलून आणि झाकणे फिरवून येतात. इमारतीची घाई असलेल्याने पाया आधी भरावा.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सांगितले आहे की मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला शिक्षणाचे मध्यवर्ती स्थान दिले आणि तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांचा आधार घेतला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी केंद्र शासनाने २०२४ साली ‘नवचेतना’ हा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात घरी करावयाच्या कृती वयानुसार दिल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांखालील बालकाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांत तो दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, कमी असेल तितके उत्तम. म्हणजे उपनिषदकारांपासून आजच्या शास्त्रज्ञांपर्यंत सर्वांचा कौल एकाच दिशेला आहे. अडतो तो फक्त आपल्या घरात.

हे काम एकट्या आईचे नव्हे, हेही पुरुषवर्गाला सांगितले पाहिजे. समाजकार्यासाठी संध्याकाळ देणाऱ्या बंधूंनी त्यातली वीस मिनिटे स्वतःच्या लेकराला द्यावीत. आजोबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवावे. आणि खेळ मांडाल तेव्हा धुणे-भांड्याला येणाऱ्या ताईच्या लेकराला, शेजारच्या मजुराच्या मुलालाही त्याच परातीभोवती बसवावे. ज्या घरचे आई-बाप ऊसतोडीला जातात, त्या लेकराशी फडावर कोण बोलत असेल, याचा विचार सुखवस्तू घरांनी करायलाच हवा.

आता माझ्या नातवाचे सांगते आणि थांबते. चमत्कार काही झाला नाही. पडदा बंद केल्यावर पहिले पाच दिवस त्याने घर डोक्यावर घेतले. सहाव्या दिवशी तो परातीजवळ येऊन बसला. पाण्याच्या आठवड्यात एका दुपारी माठाला दोन्ही हात लावून त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “आजी, गार.” दोनच शब्द, पण ते त्याने स्वतः जोडले होते. सूनबाई कार्यालयातून आल्यावर त्याने तिचा हात धरून माठाला लावला आणि तिलाही सांगितले, “आई, गार.” आज तो शाळेत जातो. इतरांपेक्षा थोडा सावकाश बोलतो, पण बोलतो.

त्याच वर्षी पोळ्याला माझा मुलगा त्याच्यासोबत मातीचा बैल करायला बसला. दोघांचे हात कोपरापर्यंत माखलेले. काम करता करता मान वर न उचलता मुलगा मला म्हणाला, “आई, मला तू हे कधी करू दिलं नाहीस.” त्याच्या आवाजात राग नव्हता. मी काही उत्तर दिले नाही. मातीचा एक गोळा घेतला आणि त्यांच्याशेजारी बसले.

माझ्या हातून जे राहून गेले, ते आपल्या हातून राहू नये, एवढीच आज विनंती आहे. आज घरी गेल्यावर एक परात घ्या, तीत दोन ओंजळी ज्वारी घाला, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लेकराशेजारी बसा. अक्षरांची पाटी यथाकाल येईलच. त्याचे तळहात हीच त्याची पहिली पाटी आहे. ती कोरी राहू नये.